पाच जणींचं नाव, बावीस हजार जणींचं नाव

न्यूयॉर्कमधल्या रस्त्याची एक पाटी, समुद्रातून आलेली एक जलपरी, आणि सतरा वर्षांनी अमेरिकेतल्या मुलींच्या नावांत थेट दुसरा क्रमांक! मॅडिसन या नावाची गोष्ट एवढ्या तीन शब्दचित्रांत मावते, पण ती सावकाश ऐकण्यासारखी आहे.

१९८४ च्या मार्चमध्ये ‘स्प्लॅश’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड, नायक टॉम हँक्स आणि जलपरीच्या भूमिकेत डॅरिल हॅना. जलपरीचं स्वतःचं नाव माणसाच्या कानाला सोसवत नाही, ती ते उच्चारते तेव्हा दुकानातल्या टीव्हीच्या काचा फुटतात. म्हणून नायक रस्त्याने चालता चालता तिला माणसांतली नावं सुचवत राहतो. बोलण्याच्या ओघात ते मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर येतात आणि तिला रस्त्याचंच नाव आवडतं. हे काही नाव नव्हे, असं नायक म्हणतो खरा, पण शेवटी मान्य करतो. तेव्हाच्या प्रेक्षकांना यात गंमत वाटली, कारण मुलीचं नाव मॅडिसन असणं म्हणजे आपल्याकडे एखादीचं नाव ‘लक्ष्मी रोड’वरून ‘रोड’ ठेवण्यासारखंच होतं. त्या रस्त्याला नाव मिळालं मॅडिसन चौकावरून, चौकाला जेम्स मॅडिसन या अमेरिकेच्या चौथ्या राष्ट्राध्यक्षांवरून. म्हणजे मुळात हे आडनाव, तेही ‘अमक्याचा मुलगा’ अशा अर्थाचं. फार पूर्वी कुणी हे नाव ठेवलंच, तर मुलग्याचं ठेवत.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मॅडिसन अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत शिरलं. तेव्हा ते सहाशेच्याही मागे होतं. मग नव्वदच्या दशकात त्याने जी चढण घेतली, ती २००१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर येऊन थांबली. त्या एका वर्षात जन्मलेल्या सुमारे २२ हजार मुलींचं नाव मॅडिसन ठेवलं गेलं. वर होती फक्त एमिली. सिनेमातला विनोद मात्र कायमचा गेला. २००० नंतर जन्मलेल्या मुलांना तो प्रसंग दाखवला, तर त्यांना हसायचं कशाला हेच कळत नाही. वर्गात दोन-दोन मॅडिसन बसलेल्या असताना ‘हे काही नाव नव्हे’ या वाक्याला अर्थ कुठला उरणार?

एखादं नाव इतक्या बारकाईने वर्षागणिक मोजता येतं, याचं श्रेय अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याला. निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या नोंदणी क्रमांकाच्या अर्जावर नाव, लिंग आणि जन्मवर्ष असतं. त्यावरून खात्याने १८८० पासूनच्या नावांची यादी तयार केली आहे. खरं तर हा क्रमांक १९३६ च्या अखेरीस सुरू झाला. त्यामुळे जुन्या वर्षांचे आकडे अपुरे आहेत: जे तोवर हयात होते आणि ज्यांनी अर्ज केला, तेवढेच त्यात आले. एक नियम मला फार आवडतो. ज्या नावाची वर्षभरात पाचपेक्षा कमी मुलं असतील, ते नाव यादीत छापत नाहीत, म्हणजे कुणाची खासगी ओळख उघडी पडत नाही. दुर्मीळ नावाची सरकारी व्याख्याच म्हणा ना: चार जणी असतील तर नाव अदृश्य, पाचवी जन्मली की नाव कागदावर.

आणि ही यादी लोकांसमोर कशी आली, तेही ऐका. खात्यात मायकल शॅकलफर्ड नावाचे एक गणिती अधिकारी होते. त्यांना आपल्या नावाचा कंटाळा आला होता, कारण १९५४ पासून जवळजवळ प्रत्येक वर्षी मायकल हेच मुलग्यांचं सर्वांत चालणारं नाव होतं. घरात बाळ येणार होतं. आपल्या बाळाच्या वाट्याला तरी असं गर्दीतलं नाव येऊ नये, म्हणून त्यांनी १९९७ मध्ये खात्यातल्या नोंदींवरून नावांची मोजणी केली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. आज जगभरातले नावांचे अभ्यासक ज्या आकड्यांवर जगतात, त्यांचा उगम एका बापाच्या काळजीत आहे.

सिनेमाआधी नाव पळतं

आता एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं मुलींमध्ये जेनिफर हे नाव पहिलं होतं. १९७२ मध्ये तर साठ हजारांहून जास्त जेनिफर जन्मल्या. कारण विचारलं की लोक ‘लव्ह स्टोरी’चं नाव घेतात, त्यातल्या नायिकेचं नाव जेनी म्हणून. पण तारखा लावून पाहा. सिनेमा आला १९७० च्या डिसेंबरात. त्या वर्षीच्या बहुतेक जेनिफर तोवर पाळण्यात होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षीच हे नाव पहिल्या पाचांत पोचलेलं होतं. सिनेमाने नावाला चढवलं असं म्हणण्यापेक्षा, चढत्या नावावर सिनेमावाल्यांचं लक्ष गेलं असं म्हणणं जास्त खरं.

आणि हेच जेनिफर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतकं अनोळखी होतं, की बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ च्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ नाटकात नायिका जेनिफर ड्युबेडाटला आपल्या नावाचा खुलासा करावा लागतो: इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथलं हे नाव, आर्थर राजाच्या राणीच्या ग्विनेव्हिअर या नावाचं तिथलं रूप. साठ-सत्तर वर्षांत खुलासा लागणारं नाव असं झालं की हाक मारली तर अर्धा वर्ग वळून बघेल.

स्टॅन्ली लीबरसन या हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञांनी २००० मध्ये ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ हे पुस्तक याच विषयावर लिहिलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. नावांची आवड बाहेरच्या घटनांनी बदलते, त्याहून जास्त ती आतूनच सरकत असते. एखादा ध्वनी कानाला गोड लागायला लागतो, मग त्याच्या आसपासचे ध्वनी येतात. सिनेमातली नटी किंवा मालिकेतलं पात्र त्या वाऱ्याला आणखी वेग देतं. ‘फ्रेंड्स’ मालिकेत २००२ च्या मे महिन्यात रेचलच्या मुलीचं नाव एमा ठेवलं गेलं. आदल्या वर्षी तेराव्या क्रमांकावर असलेलं एमा त्या वर्षी चौथं आलं. पण तेराव्यावर तरी ते कसं आलं होतं? लेखकांच्या कानालाही तोच वारा लागलेला होता.

लेखकांच्या लेकी

काही नावं मात्र खरोखर एका माणसाच्या टेबलावर जन्मली. त्यांत माझी सर्वांत लाडकी वेंडी.

डब्ल्यू. ई. हेन्ली हे इंग्रज कवी. एक पाय गमावलेला धिप्पाड माणूस, ज्यांच्यावरून स्टीव्हन्सनला ‘ट्रेझर आयलंड’मधला लॉन्ग जॉन सिल्व्हर सुचला. त्यांची चिमुरडी मुलगी मार्गारेट घरी येणाऱ्या जे. एम. बॅरी या लेखकाला लाडाने आपला ‘फ्रेंडी’ म्हणायची. बोबड्या जिभेला ‘र’ जमेना, म्हणून त्याचं ‘फ्वेंडी’ आणि मग ‘वेंडी’ झालं. मार्गारेट १८९४ मध्ये पाच वर्षांची असताना गेली. दहा वर्षांनी, २७ डिसेंबर १९०४ ला, लंडनमध्ये बॅरींचं ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि त्यातल्या मुलीचं नाव होतं वेंडी डार्लिंग. त्याआधी वेंडी नावाची माणसं इंग्लंडच्या जुन्या नोंदींत अगदी तुरळक सापडतात. पण घरोघरी हे नाव नेलं ते या नाटकाने. एका गेलेल्या मुलीच्या बोबड्या शब्दाला लाखो मुलींच्या रूपाने आयुष्य मिळालं, याहून हृद्य गोष्ट नावांच्या इतिहासात मला माहीत नाही.

नाटकात हरवलेली मुलं वेंडीभोवती एक छोटंसं घर बांधतात. त्यावरून इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या खेळातल्या घराला ‘वेंडी हाऊस’ म्हणतात, आजही. अमेरिकेत हे नाव सावकाश पोचलं: पहिल्या हजारांत १९३६ मध्ये, १९५३ ला डिस्नेचा कार्टूनपट आला, आणि शिखर १९७० च्या सुमाराला, पहिल्या तीसांत. त्याच काळात, १९६९ मध्ये, ओहायोतल्या कोलंबस शहरात डेव्ह थॉमस यांनी आपल्या मुलीच्या टोपणनावावरून ‘वेंडीज’ हे बर्गरचं दुकान काढलं. त्यानंतर नाव उतरलं. पण गोव्यात, वसईत किंवा वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत जा, वेंडी, शर्ली, लिंडा या मावश्या आणि आज्या तिथे भेटतात. इंग्रजी नावांची ती लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली होती.

शर्लीचं म्हणाल, तर १८४९ पर्यंत हे आडनाव आणि क्वचित पुरुषाचं नाव होतं. शार्लट ब्राँटेने ‘शर्ली’ ही कादंबरी लिहिली. त्यातल्या नायिकेच्या आईवडिलांना मुलगा हवा असतो, मुलगी होते, तरी ते घराण्यातलं मुलग्यांचं ठरलेलं नाव तिलाच देतात. गंमत अशी की ब्राँटेने स्वतः ही कादंबरी ‘करर बेल’ या नावाने छापली होती, म्हणजे वाचणाऱ्याला लेखक पुरुष वाटावा. बाईने पुरुषी नाव घेऊन लिहिलेल्या पुस्तकामुळे एक पुरुषी नाव बायकांचं झालं! पुढे १९३४ मध्ये शर्ली टेंपल ही कुरळ्या केसांची चिमुकली नटी अमेरिकेच्या गळ्यातला ताईत झाली आणि १९३५-३६ मध्ये शर्ली हे नाव तिथे दुसऱ्या क्रमांकावर होतं. शर्ली नावाचा पुरुष त्यानंतर विरळाच.

व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने बनवलं. ‘गलिव्हर’वाला तोच. त्याची मैत्रीण एस्थर व्हॅनहॉमरिग. आडनावातलं ‘व्हॅन’ आणि एस्थरचं लाडकं ‘एसा’ जोडून त्याने तिच्यावरच्या कवितेत व्हेनेसा केलं. कविता छापली गेली १७२६ मध्ये, तोवर एस्थर जाऊन तीन वर्षं झाली होती. मग १८०७ मध्ये फॅब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीला हे नाव दिलं. महाराष्ट्रातही दिसणारं नारिंगी-काळं ‘पेंटेड लेडी’ त्याच प्रजातीतलं, शास्त्रीय नाव व्हेनेसा कार्डुई. नाव आधी कवितेत, मग फुलपाखरावर आणि बऱ्याच उशिरा पाळण्यात: अमेरिकेत व्हेनेसा खरं बहरलं १९८० च्या दशकात.

इमोजेन तर बहुधा छापखान्यातली चूक. शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’मधली ही राजकन्या १६२३ च्या संग्रहात इमोजेन म्हणून छापली गेली. पण १६११ मध्ये तो प्रयोग पाहिलेल्या सायमन फॉर्मन नावाच्या गृहस्थाने आपल्या टिपणात तिला ‘इनोजेन’ म्हटलं आहे. दोन ‘एन’ जुळाऱ्याला ‘एम’ दिसले असावेत, असं अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये आज हजारो इमोजेन आहेत.

गाण्यातूनही नाव उडी घेतं. जॅक लॉरेन्स या गीतकाराने आपले वकील ली ईस्टमन यांच्या छोट्या मुलीसाठी ‘लिंडा’ हे गाणं लिहिलं. ते काही वर्षांनी बडी क्लार्कच्या आवाजात गाजलं आणि १९४७ मध्ये लिंडाने अमेरिकेत जे केलं, ते तोवर कुणालाच जमलं नव्हतं: १८८० पासून पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या मेरीला खाली उतरवलं. ती वकिलाची मुलगी मोठी होऊन छायाचित्रकार झाली आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीशी तिचं लग्न झालं. लिंडा मॅकार्टनी, ती हीच.

आठावरून साडेचार हजारांवर

दुर्मीळ नावाची सर्वांत उंच झेप मोजायची, तर नेवेयाकडे यावं लागेल. इंग्रजीत स्वर्गाला ‘हेवन’ म्हणतात, त्याची रोमन अक्षरं शेवटापासून उलटी लिहिली की हे नाव तयार होतं. १९९९ मध्ये अमेरिकेत फक्त आठ मुलींचं हे नाव ठेवलं गेलं, म्हणजे यादीत दिसण्याच्या पाचाच्या उंबरठ्यापेक्षा तीनच जास्त. २००० मध्ये ‘पीओडी’ या ख्रिस्ती रॉक बँडचा गायक सनी सँडोव्हल एमटीव्हीच्या एका कार्यक्रमात आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आला आणि तिचं नाव कसं बनलं ते त्याने सांगितलं. २००१ मध्ये नेवेया बाराशेच्या आसपास मुलींचं नाव होतं, २००५ मध्ये ४,४५७ मुलींचं, आणि २०१० मध्ये ते पंचविसाव्या क्रमांकावर पोचलं. हे नाव ठेवणाऱ्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. मला मात्र त्यात आईवडिलांचा आनंदच दिसतो. आपल्या बाळाला स्वर्ग म्हणावंसं वाटणं आणि ते जरा लपवून म्हणणं, यात चूक काय?

पण अशा झेपेला उतारही तितकाच वेगाचा असतो. जोना बर्गर आणि गाएल ल मॅन्स या संशोधकांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांच्या नावांचा अभ्यास मांडला. त्यांना आढळलं, की जे नाव भराभर चढतं ते भराभर उतरतं. होऊ घातलेल्या आईवडिलांना विचारल्यावर कारणही सापडलं: एकदम पसरणारं नाव चार दिवसांचं खूळ ठरेल, अशी त्यांना धास्ती वाटते. नेवेयाही २०१० नंतर उतरणीला लागलं. मेरी सत्तरएक वर्षं टिकली, कारण ती घाईने आलीच नव्हती.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चं प्रकरण असंच. त्यातलं ‘खलीसी’ हे मुळात नावच नाही, तो डोथ्राकी या बनवलेल्या भाषेतला राणीसाठीचा किताब. मालिका २०११ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेत पाचशेहून जास्त मुलींचं नाव खलीसी ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी शेवटच्या भागांत त्या राणीने अख्खं शहर जाळून टाकलं. घरात सात वर्षांची खलीसी असलेल्या आयांची त्या आठवड्यातली अवस्था मी समजू शकते.

त्याच मालिकेतल्या छोट्या तलवारवालीचं नाव तर आपल्या ओळखीचं निघालं. रोमन अक्षरांत ते अगदी ‘आर्या’सारखंच लिहितात. मालिकेच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पहिल्या हजारांत तळाला असलेलं हे नाव २०१८ पर्यंत पहिल्या दीडशेत आलं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरातली आर्या आणि तिच्या शेजारच्या अमेरिकन घरातली आर्या, लिहिताना जुळ्या. एकीचं मूळ दूरदर्शनच्या पडद्यावर, दुसरीच्या नावात मोरोपंतांचं वृत्तही दडलेलं.

वादळं, यंत्रं आणि निष्पाप मुली

नाव खाली येतं तेव्हा त्या नावाच्या मुलीचा काही दोष नसतो. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. अमेरिकेतलं कतरिना हे नाव वर्षभरातच शंभराहून जास्त पायऱ्या घसरलं आणि पुढे पहिल्या हजारांतून बाहेर पडलं. जागतिक हवामान संघटनेनेही वादळांच्या यादीतून ते कायमचं काढून टाकलं, त्याच्या जागी कातिया आलं.

इथे एक अजब गोष्ट घडली. त्या वादळानंतर ‘क’ ध्वनीने सुरू होणारी इतर नावं अमेरिकेत सुमारे ९ टक्क्यांनी वाढली! बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच हेही मोजलं. बातम्यांत दिवसरात्र ‘क’ ऐकू येत होता. लोकांनी कतरिना टाळलं, पण कानात बसलेला ‘क’ टाळता आला नाही. आपण नाव निवडतो तेव्हा ते आपणच एकट्याने निवडलं असं वाटतं. हा आकडा वाचल्यावर मला ते पुन्हा कधी तितक्या खात्रीने वाटलेलं नाही.

अलेक्साचं दुःख आजचं. २०१४ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने बोलका स्पीकर आणला आणि त्याला हाक मारायला हे नाव दिलं. २०१५ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून जास्त मुलींचं नाव अलेक्सा होतं, २०२० मध्ये दीड हजारही नाही. शाळेत ज्यांना पोरं ‘अलेक्सा, गाणं लाव’ म्हणून चिडवतात, त्या मुली या स्पीकरच्या आधीच्या आहेत. आयसिस ही तर प्राचीन इजिप्तची देवी. त्याच अक्षरांची दहशतवादी संघटना बातम्यांत आली आणि २०१५ मध्ये हे नाव पहिल्या हजारांतून गेलं. हजारो वर्षांची देवता वर्षा-दोन वर्षांत हरली.

चिडवण्यावरून आठवलं. अमेरिकेत इंग्रजी मुळाक्षरांची पहिली पाच अक्षरं ओळीने लिहून ‘अ‍ॅब्सिडी’ असा उच्चार करतात. हे नाव असलेल्या तिथे तीनशेहून जास्त मुली आहेत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विमानतळावर पाच वर्षांच्या अशाच एका मुलीचं नाव पाहून विमान कंपनीची कर्मचारी हसली आणि तिच्या बोर्डिंग पासचा फोटो तिने समाजमाध्यमावर टाकला. कंपनीला माफी मागावी लागली, आणि ते योग्यच झालं. नाव विचित्र वाटलं तर वाटो, पण पाच वर्षांच्या मुलीने ते स्वतः ठेवलेलं नसतं.

काही देशांत ही काळजी सरकार घेतं. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने नावं संतांच्या पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातलीच हवीत असं बंधन होतं, ते १९९३ मध्ये सुटलं. तरीही मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर न्यायाधीश नाव नाकारू शकतात. व्हॅलॉन्सिएनच्या न्यायालयाने ‘न्यूटेला’ हे नाव नाकारून मुलीला ‘एला’ म्हणायला सांगितलं. त्याच न्यायालयात स्ट्रॉबेरी या अर्थाचं ‘फ्रेझ’ हे नाव बदलून ‘फ्रेझिन’ झालं, जे एकोणिसाव्या शतकात तिथे चालत असे.

आइसलंडमध्ये उलटं घडलं. तिथे १९९१ पासून नावांची एक समिती आहे. बहुतेकांना आडनाव नसतं, टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असायची, म्हणून नावाला फार किंमत. एका मुलीचं नाव आईने ‘ब्लाइर’ ठेवलं, मंद झुळूक या अर्थाचं, हाल्डोर लाक्सनेस यांच्या कादंबरीतून घेतलेलं. समिती म्हणाली, हा शब्द पुल्लिंगी आहे, मुलीला चालणार नाही. पंधरा वर्षं सरकारी कागदांवर त्या मुलीच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं होतं! १९७३ मध्ये एका बाईला हेच नाव मिळालेलं होतं, तरीही. २०१३ च्या जानेवारीत त्या मायलेकी खटला जिंकल्या.

ङ, ञ, ण आणि दोन मनकर्णिका

आपल्याकडे दुर्मीळ नावाला पंचांगाचाही हातभार आहे. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ नावरस अक्षरं. त्यांत आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’ आणि उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’ येतं. या अक्षरांनी सुरू होणारं नाव आणायचं कुठून? मग जवळचं दुसरं अक्षर धरतात, आत्या बाळाच्या कानात तेच सांगते आणि पत्रिकेतलं अक्षर पत्रिकेतच राहतं.

एक नाव मात्र आपल्याकडे दुर्मीळ व्हावं, इतकंच नाही तर संपावं, असं मला मनापासून वाटतं: नकुशा. मुलीवर मुलगी झाली की ‘आता नको’ म्हणून ठेवलेलं नाव. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात २८५ नकुशांना समारंभाने नवी नावं दिली गेली. काहींनी नटीचं नाव घेतलं, काहींनी देवीचं. त्या दिवशी एका जिल्ह्यात एका नावाची गणती एका फटक्यात २८५ ने उतरली. अमेरिकेच्या कुठल्याही आलेखातली एवढी चांगली घसरण मला ठाऊक नाही.

आणि महाराष्ट्राचा असा आलेख कुणी काढलाच, तर बायकांसाठी दोन रेषा काढाव्या लागतील, माहेरची आणि सासरची. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहायचं आणि पाळण्यातलं नाव तिथेच मिटायचं. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. नद्यांची नावं माहेरी, देवांच्या पत्नींची नावं सासरी, असं होता होता किती नद्या नोंदींतून आटल्या असतील!

त्यात सर्वांत विलक्षण जोडी दोन लक्ष्मीबाईंची. एक झाशीची राणी, दुसऱ्या ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. एक तांब्यांच्या घरात जन्मली, दुसरी गोखल्यांच्या. एकीने रणांगण गाजवलं, दुसरीने मराठी गद्य उजळून टाकलं. आणि काशीच्या घाटावरून आलेलं माहेरचं नाव दोघींचं एकच: मणिकर्णिका, म्हणजेच मनकर्णिका. दोघींचंही लग्नात लक्ष्मी झालं, आणि जगाने दोघींना लक्ष्मीबाई म्हणूनच ओळखलं.

२०१९ च्या जानेवारीत झाशीच्या राणीवरचा हिंदी सिनेमा आला, तेव्हा भिंतीभिंतींवरच्या पोस्टरवर लक्ष्मीबाई हे नाव नव्हतं, मोठ्या अक्षरांत ‘मणिकर्णिका’ होतं. राणीचं माहेरचं नाव पुन्हा लाखो कानांवर पडलं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आता शाळेत जायला लागल्या आहेत. एखाद्या पहिलीच्या वर्गाच्या हजेरीत हे नाव सापडलं, तर मला ते जरूर कळवा.